एक टोला होय, दोन टोले नाही

आमच्या मोरीच्या भोकाशेजारी, भिंतीच्या फटीत, एक वीतभर रोपटं उगवलं होतं. त्याचं नाव काय, एवढंच मला शोधायचं होतं. त्यात विज्ञान, शासन, शेजार आणि शेवटी यमराज एवढ्या सगळ्यांना लक्ष घालावं लागेल याची कल्पना असती, तर सेनगावातले बाकीचे लोक म्हणतात तसं मीही त्याला ‘गवत’ म्हणून मोकळी झाले असते.

तशी मला नावाची घाई नव्हती. घाई यांना होती.

हे म्हणजे आमचे बंडोपंत. सदतीस वर्षं सरकारी कचेरीत, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क. ज्या कागदावर ‘विषय’ लिहिलेला नसेल तो कागद ते हातात धरत नसत, मेलेल्या पालीसारखा चिमटीत धरत. घरातही तोच कारभार. डब्यांवर चिठ्ठ्या, किल्ल्यांना बिल्ले, आणि माझ्या माहेरच्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा आवक तारीख. अशा माणसाला ज्येष्ठात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मान डावीकडे वळली ती तशीच राहिली. डावीकडे खिडकी, खिडकीबाहेर आमच्या आणि रामकिशनभाऊंच्या घरामधला हातभर रुंदीचा बोळ, आणि बोळात मोरीचं भोक. सदतीस वर्षं राज्याची सेवा केल्यावर माणसाच्या वाट्याला हा देखावा आला.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, “दुसरा झटका आला तर काही सांगता येत नाही. दोन महिने म्हणा, चार म्हणा.” मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? भाजीवालीशी करते तशी घासाघीस डॉक्टरांशी करता येत नाही.

बोलता येत नसलं तरी यांना समजत सगळं होतं, आणि डावा हात चालत होता. म्हणून त्यांच्या हाती एक चमचा दिला आणि उशाशी स्टीलचं फुलपात्र पालथं घातलं. एक टोला म्हणजे होय, दोन टोले म्हणजे नाही. मी म्हटलं, “अहो, बत्तीस वर्षांच्या संसारात तुम्ही ‘नाही’च जास्त वापरलंय. तुमचेच कष्ट वाचतील, ‘नाही’ला एक ठेवू या का?” त्यांनी थोडा विचार केला आणि दोन वाजवले.

पुढे पुढे त्या दोन टोल्यांमधलं अंतर वाढत गेलं. पहिला वाजवायचे, मग दम घ्यायचे, मग दुसरा. “चहात साखर घालू?” टण्. मी घालून, ढवळून मोकळी, तोवर मागून दुसरा टण्. तो चहा मग मी प्यायचे. त्या पावसाळ्यात माझं वजन तीन किलो वाढलं ते सगळं या अंतरातून.

तर आषाढात एके दिवशी त्यांनी खुणेनं पेन्सिल मागितली. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, डाव्या हातानं, पाव तास खपून त्यांनी दोन अक्षरं काढली. ‘नाव?’ प्रश्नचिन्हासकट. माणूस माझं नाव विसरला! रडवेली होऊन मी म्हटलं, “सरला.” टण्... टण्. “मग काय, तुमचं? बंडोपंत.” टण्... टण्. आणि डोळे मिटून घेतले, कचेरीत नवीन पोरासमोर मिटत असत तसे. मग उघडले आणि खिडकीबाहेर रोखले. तेव्हा मला ते रोपटं पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतर त्यांनी पेन्सिल धरली नाही. म्हणजे त्यांच्या हातचा तो शेवटचा कागद. दिवसभर समोर एक गोष्ट उभी आहे, आणि तिला विषय नाही, नाव नाही, वर्ग नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. आणि त्यांच्या शेवटच्या कागदावर ‘प्रलंबित’ असा शेरा मारायची माझी हिंमत नव्हती.

आता या बाबतीत माझा थोडा अधिकार आहे, हे नम्रपणे सांगते. शिक्षण दहावी. पण वीस वर्षांपूर्वी एका शाळेची रद्दी निघाली त्यात मला वनस्पतिशास्त्राचं एक पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ नाही, शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे ते कोणी लिहिलं आणि शेवटी काय झालं हे मला माहीत नाही. मधलं सगळं पाठ आहे. रस्त्याकडेची तणं आणून यांच्या जुन्या डायऱ्यांत दाबून ठेवायची मला सवय लागली. हे त्याला ‘पालापाचोळा विभाग’ म्हणत आणि पाहुण्यांसमोर विभागप्रमुखांची ओळख करून देत. बत्तीस वर्षांत त्यांनी माझ्या विभागाला पाठवलेला हा पहिला कागद.

त्या पुस्तकात एक कोष्टक आहे. झाडाला प्रश्न विचारत जायचं. पानं समोरासमोर आहेत का? असतील तर सात नंबरवर जा, नसतील तर बारावर. सातवर गेलं की पुढचा प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला होय किंवा नाही, मधलं काही नाही. असं करत करत झाड आपल्या घराण्यात, मग कुळात, मग स्वतःच्या नावापर्यंत पोचतं. मी कोष्टक उघडून त्यांच्या उशाशी बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जगात एवढं एकच शास्त्र आहे जे आमच्या ह्यांच्या तब्येतीला झेपेल.

मी म्हटलं, “उपटून आत आणते. भिंग लावून अर्ध्या तासात सांगते.”

टण् टण्. त्या दिवशी मधे दमसुद्धा घेतला नाही.

म्हणजे उभ्या झाडाची चौकशी. त्याला धक्का न लावता. तेही बरोबरच होतं, त्यांच्याकडे बघायला दुसरं होतं काय? मग रोज सकाळी मी बोळात जायचे, मोरीच्या ओल्या फरशीवर पोतं टाकून पालथी पडायचे, एक डोळा मिटून भिंगातून बघायचे आणि आतल्या माणसाला ओरडून विचारायचे. माझी मागची बाजू नेमकी रामकिशनभाऊंच्या खिडकीकडे यायची. रामकिशनभाऊ म्हणजे एस.टी.चे निवृत्त कंट्रोलर. कोणती गाडी कुठे थांबली आहे हे बघायची त्यांची सवय गेलेली नाही.

“वहिनी, काय हरवलं का?”

“काही नाही, भाऊ.”

“न्हाई, तीन दिवसांपासून पाहून राहिलो. मोरी तुंबली असंल तर सांगा, आपल्याकडं बांबू आहे.”

“पानांच्या मधे झालर आहे का बघतेय.”

“आँ?” मग खिडकीच्या आत आपल्या बायकोला, पण मला बरोबर ऐकू येईल अशा आवाजात, “तकलीफ लई झाली बिचारीला. डोक्यावर परिणाम होऊन राहिला.”

झालर होती. हे मी आजही अभिमानानं सांगते. दोन पानं समोरासमोर जिथे चिकटतात तिथे त्यांना जोडणारी एक पापुद्र्यासारखी झालर, आणि तिला बारीक केस. फूल पांढरं, तांदळाच्या कणीएवढं, चार पाकळ्यांचं. आणि फळ फुलाच्या खाली, म्हणजे फूल फळाच्या डोक्यावर टोपीसारखं बसलेलं. चारच पाकळ्या आहेत का, हे मी खिडकीतून विचारलं तर आतून टण्. दुपारी मिटतं का? टण्. दूध निघतं का हे मला कळेना, कारण पान तोडायची परवानगी नव्हती. एक दिवस वाऱ्यानं एक पान आपोआप तुटलं तेव्हा आम्ही दोघांनी सण साजरा केल्यासारखं ते बघितलं. दूध नव्हतं. पंचवीस नंबर.

पंचवीसवरून एक्केचाळीस, आणि एक्केचाळीसवर घराणं सापडलं. ज्या घराण्यात कॉफी आहे, कदंब आहे, मंजिष्ठा आहे, त्या घराण्यातलं हे आमच्या मोरीतलं रोपटं निघालं. मी आत जाऊन सांगितलं, “अहो, मोठ्या घरची आहे. कॉफीची नातेवाईक.” यांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. आयुष्यभर त्यांनी कॉफी प्यायली नाही, पण पदाचा मान ठेवायची सवय.

यांना अंघोळ घालायला, कूस बदलायला जवळच्या तांड्यावरची दिपा यायची. चार दिवसांनी ती आपल्या सासूला घेऊन आली, नानीबाईंना. म्हणे, आमच्या सासूबाईला सगळा पाला वळखू येतो. नानीबाईंचे वाडवडील बैलांवर मीठ-धान्य लादून मुलखभर हिंडलेले. त्या बोळात उकिडव्या बसल्या, रोपट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“हिचं काहून येवढं?”

“नाव काय हिचं, नानीबाई?”

“हे पाय बाई, पाल्याच्या जाती तीन. बैल खातो ती येक. बैल खात न्हाई, शेळी खाती ती दुसरी. अन् कोनीच खात न्हाई ती तिसरी.”

“आणि ही?”

“ही येवढुशी. बैलाच्या जिभेला लागत बी न्हाई. खाल्ली काय अन् न खाल्ली काय. हिला कोन नाव ठेवतं?” मग उठताना गुडघ्यावर हात देऊन म्हणाल्या, “पाऊस गेला की जाती आपली. बी टाकून जाती. मागं काई ठिवत न्हाई, खोड बी न्हाई.”

माझ्या पुस्तकात याला वर्षायू म्हणतात. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि त्याच हंगामात संपायचं. साधारण दोन-तीन महिने. डॉक्टरांचा आकडा आणि पुस्तकाचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि पुस्तक मिटलं. हे मी कोणाला बोलले नाही.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पण कोष्टकाची पुढची पानं, म्हणजे घराण्यातून नावापर्यंत जाणारी, वाळवीनं खाल्लेली. लेक जान्हवी पुण्याहून फोनवर म्हणाली, “आई, फोटो काढ, ॲप सांगेल.” माझ्या मोबाइलला भिंतीची फार आवड. भिंतीवरचा प्रत्येक खवला स्वच्छ यायचा आणि मधे एक हिरवट धूर. त्या धुराला ॲपनं पहिल्यांदा कोथिंबीर म्हटलं, दुसऱ्यांदा शेवाळ, आणि तिसऱ्यांदा ‘कदाचित हे झाड नसावे’.

तेव्हा रामकिशनभाऊंनी सल्ला दिला, आणि मी तो ऐकला. माझ्या आयुष्यातल्या चुकांची यादी केली तर ही वरच्या तिनात येईल.

“वहिनी, खातं कशासाठी आहे? शेतीकडच्या कचेरीत जा. अर्ज द्या. तुमी हेडक्लार्कच्या मंडळी, तुमाला कोन नाही म्हणंल?”

कचेरी कुठली ते मी सांगत नाही. तिथे माझा अर्ज अजून आहे. खिडकीवर देविदास नावाचा क्लार्क होता, सभ्य, कपाळाला गंध.

“बोला मावशी.”

“एका झाडाचं नाव हवं होतं.”

“तोंडी माहिती देता येत नाही. फॉर्म भरा.”

फॉर्मवर पहिलीच ओळ, पिकाचे अथवा वनस्पतीचे नाव. पुढे तांबडी फुली, म्हणजे भरल्याशिवाय गत्यंतर नाही.

“अहो, नाव माहीत नाही म्हणूनच तर आले.”

“मग ‘अज्ञात’ लिहा.”

मी अज्ञात लिहिलं. बाधित क्षेत्र, हेक्टरमध्ये. मी विचारलं, बाधित म्हणजे? म्हणे, जिथे आहे ते. मी शून्यापुढे टिंब देऊन इतकी शून्यं काढली की रकाना संपला. प्रकार: कीड, रोग, तण. यातलं एक निवडा.

“यातलं काहीच नाही. मला तिची तक्रार नाही.”

“मावशी, हा फॉर्म तक्रारीचाच आहे. दुसरा फॉर्म नाही. तण लिहा, पुढं आमी पाहून घेतो.”

मी तण लिहिलं. हेडक्लार्कच्या बायकोनं, बत्तीस वर्षं ‘विषय’ हा शब्द ऐकलेल्या बाईनं, विषय काय पडतोय हे न वाचता खाली सही केली. पोच घेतली. घरी येऊन यांना दाखवली. त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि वाजवायला सुरुवात केली. टण्... टण्. टण्... टण्. मला वाटलं, पोचेवर शिक्का नीट उठलेला नाही म्हणून चिडले. मी म्हटलं, “असू द्या हो, वाचता येतोय.”

लोक उगीच शासनाला नावं ठेवतात. आमच्या गल्लीत दिव्याच्या खांबाचा अर्ज सहा वर्षं पडून आहे. माझ्या अर्जावर नवव्या दिवशी कारवाई झाली.

मी त्या दिवशी औषधं आणायला हिंगोलीला गेले होते. परत आले तर बोळात एक उग्र वास, आणि दिपा स्वयंपाकघराच्या दारात डोळ्याला पदर लावून. भिंत ओली होती. रोपट्याची पानं मलूल, कडेनं पिवळट.

“कोंडीबा म्हनून मानूस आल्ता, काकू. पाठीवर पंप. कागद दाखवला, तुमची सही हाय म्हने. म्या म्हनलं, काकूनीच बोलावलं असंल. चांगला मानूस व्हता. मोरी बी धुऊन देऊ का म्हनला.”

“आणि काका?”

“काका लई वाजवत व्हते. दोन, दोन, दोन. म्या पानी देलं तर उडवून देलं. पंख्याचं विचारलं, लघवीचं विचारलं. थांबतच नव्हते. त्यो कोंडीबा बी म्हनला, बाबाला काई तरी पायजे. मग म्या फुलपात्र काडून घेतलं, काकू. म्हनलं, हात दुखंल त्यांचा.”

दिपाला काय बोलणार? तिनं जे केलं ते मायेनं केलं. कोंडीबानं कामाशी इमान राखलं. देविदासनं अर्ज दाबून ठेवला नाही. या सगळ्या प्रकरणात दोष देण्याजोगं माणूस शोधत मी आत गेले आणि आरशासमोरून जाताना ते सापडलं.

हे खिडकीकडेच बघत होते. चमचा मुठीत तसाच. मी फुलपात्र परत जागेवर ठेवलं आणि म्हटलं, “चूक माझी आहे. मान्य?” टण्. मी वाट बघितली. दुसरा आला नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा एका मुद्द्यावर आमचं एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत निराळीच बातमी. सरकारचा माणूस पंप घेऊन खास एका रोपट्यासाठी आला, तर त्या रोपट्यात काहीतरी असलंच पाहिजे. रामकिशनभाऊंच्या मते ते लकव्यावरचं असणार आणि औषधाच्या कंपन्यांना ते नको असणार. दुपारपर्यंत चार जण येऊन एकेक डहाळी घेऊन गेले. मी फवारलंय, विष आहे, असं ओरडून सांगितलं, तर एक बाई म्हणाली, “एवढीशी तर घेतली, काहून जीव टाकता?” त्यांनी ती खाल्ली नसावी. निदान त्या आठवड्यात गल्लीत कोणी दगावलं नाही. माझ्याकडे उरली एक पिवळी काडी, तिला खाली दोन पानं आणि एकही फूल नाही.

नाव मात्र अजून यायचंच होतं. जान्हवीनं कुठून तरी सोमेश्वर सर नावाच्या निवृत्त प्राध्यापकांचा नंबर मिळवून दिला. मी झालरीपासून सगळं सांगितलं. सर भले माणूस. मधे एकदाही थांबवलं नाही, आणि माझं शिक्षण विचारलं नाही.

“बाई, निरीक्षण चोख आहे. आता दोनच शक्यता उरतात. सख्ख्या बहिणी समजा. पान सारखं, फूल सारखं, फळ सारखं. फरक एकच. एका दांड्यावर एकच फूल असेल तर एक जाती, आणि एका दांड्यावर छत्रीसारखी दोन, तीन, चार असतील तर दुसरी. काय होतं तुमच्याकडे?”

तीन आठवडे पोतं टाकून पालथी पडले होते. झालरीचे केस मोजले होते. एका दांड्यावर किती फुलं, हे बघितलं नव्हतं. भिंगातून बघणाऱ्याला एका वेळी एकच फूल दिसतं.

“सर, फुलं गेली. पण ज्यांनी रोज बघितली ते घरात आहेत. त्यांना विचारून सांगते.”

भाद्रपदातली दुपार होती, साडेतीनचा सुमार. दिपा जेवून गेली होती. त्यांचा चेहरा सकाळपासून जरा उतरलेला वाटत होता, पण तो तसा आठवडाभर होता. मी खुर्ची ओढून जवळ बसले. हेडक्लार्कसमोर कागद ठेवतात तसं, सगळं क्रमानं सांगितलं. घराणं सापडलं, कूळ सापडलं, आता एकच प्रश्न उरलाय. याचं उत्तर आलं की नाव आलं. तुमचा कागद निकाली.

“नीट आठवून सांगा. एका दांड्यावर एकच फूल होतं का?”

त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. हाताला चमचा जड झाला होता, तो त्यांनी सावकाश उचलला.

टण्.

मी वाट बघितली. हे दम घेतात हे मला ठाऊक होतं. साखर आधी घालायची नाही हे मी शिकले होते. बोळात मोरीचं पाणी पडत होतं, ते थांबलं. मी म्हटलं, “सावकाश. मला घाई नाही.” चमचा त्यांच्या हातात वरच होता, फुलपात्रापासून दोन बोटांवर. मग तो चादरीवर टेकला. मी तरीही वाट बघत बसले. पलीकडून रामकिशनभाऊंनी हाक मारली, “वहिनी, दळण टाकायचं का?” तेव्हा मला कळलं की मी कशाची वाट बघतेय.

पुढचे तेरा दिवस तुम्हाला ठाऊक आहेत तसे गेले. घर भरलेलं, चपला दारात, आणि प्रत्येकाला शेवटचं काय झालं हे ऐकायचं. मी सांगायचे, एक टोला दिला आणि गेले. त्यावर सगळ्यांना फार बरं वाटायचं. “होय म्हणून गेले हो! केवढं भाग्य. समाधानानं गेले.” जान्हवीच्या आत्या तर प्रत्येक नव्या माणसाला दारातच सांगायच्या, “बंडोपंतांचा शेवटचा शब्द होकार होता.” कशाला होकार, हे कोणी विचारलं नाही. मोरीतल्या गवताच्या फुलांच्या दांड्याबद्दल होता, हे तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

जान्हवी म्हणाली, “आई, बाबांनी होय म्हटलं म्हणजे एकच फूल. सरांना कळवून टाक. झालं ना?”

झालं नव्हतं. तो होय होता की अर्धा नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. अर्धवट नोंदीवर सही करणाऱ्यांबद्दल हे काय बोलत असत ते मला ठाऊक होतं, आणि मी एकदा न वाचता सही करून बसले होते. सरांना लिहिलं, निरीक्षण अपूर्ण, प्रकरण खुलं ठेवावं. ती काडी दोन दिवसांनी वाळून गळून गेली. नानीबाई म्हणाल्या होत्या तशीच, मागे खोडसुद्धा ठेवलं नाही.

वर्ष तसंच गेलं. खाट दिपाच्या चुलतसासऱ्याला दिली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या ठेवल्या. चहात दोन चमचे साखर घालते, कोणी हरकत घेत नाही, आणि गंमत अशी की वजन उतरलं.

यंदा आषाढात मोरी घासायला बोळात गेले, तर भिंतीच्या फटीत पाच, खाली फरशीच्या सांध्यात सहा. अकरा रोपटी. कोंडीबा पंप घेऊन आला त्याच्या आधीच तिनं आपलं बी टाकून ठेवलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. कुठलाही फॉर्म भरला नाही. दिपाला बोळात येऊ देत नाही, रामकिशनभाऊंना सांगितलंय की तिथे विंचू निघाला.

श्रावणात कळ्या आल्या. भिंग घेतलं नाही. यांची खाट होती तिथे, खिडकीशी, जमिनीवर बसले आणि मान डावीकडे करून बघत राहिले. नुसत्या डोळ्यांनी, दिवसभर बघणाऱ्या माणसाला दिसेल तसं. सकाळी नऊच्या उन्हात फुलं उघडली आणि मी मोजली. एका दांड्यावर दोन. शेजारच्यावर तीन. पुन्हा तीन. पुन्हा दोन. अकराही रोपट्यांवर एकुलतं फूल असलेला दांडा मला सापडला नाही.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “मग शंकाच नाही. ओल्डनलँडिया कोरिम्बोसा. मराठीत परिपाठ म्हणतात, कुठे पित्तपापडा. पण त्या नावाची आणखीही झाडं आहेत, तेव्हा शास्त्रीय नावच धरा. अगदी सामान्य तण आहे बाई, देशभर सापडतं.” मग विचारलं, “मागच्या वर्षी तुमच्या घरातल्यांनी काय सांगितलं होतं?”

“बरोबरच सांगितलं होतं, सर. मला पूर्ण ऐकू आलं नव्हतं.”

कॅलेंडरचं ते पान मी जपून ठेवलंय. ‘नाव?’च्या खाली नाव लिहिलं, वर्ग लिहिला, घराणं लिहिलं, आयुष्य: एक हंगाम. निरीक्षक म्हणून त्यांचं नाव घातलं. विषयाच्या जागी काय लिहावं हे सुचलं नाही, म्हणून विषय कोरा.

मग स्वयंपाकघरातून चमचा आणि तेच फुलपात्र आणलं, खिडकीशी पालथं घातलं, आणि प्रश्न पुन्हा एकदा मोठ्यानं विचारला. एका दांड्यावर एकच फूल होतं का?

पहिला टोला त्यांनी गेल्या वर्षी दिलेलाच होता. मी दुसरा दिला.